बैल गेल्यावर झोपा करावा की करू नये?

‘बैल गेला अन् झोपा केला’ ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर असते. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाशी लावावयाचे काट्याकुट्यांचे दार. (शहरात वाढलेल्या पिढीतील पुष्कळांना हा शब्द झोपेशी संबंधित वाटतो आणि गंमत अशी की, तसा अर्थ घेतला तरी म्हण फारशी बिघडत नाही.) बैल चोरीस गेल्यावर दार लावणाऱ्या शेतकऱ्याला आपली भाषा हसते. या म्हणीत उपहास आहे, तिरस्कार आहे आणि थोडी हताशाही आहे. वेळ गेली, आता दार लावून काय उपयोग, असे म्हणून ती संपते. पुढे काय करायचे हे ती सांगत नाही.

नेमका हाच प्रसंग चिनी भाषेने चार अक्षरांत बांधला आहे. ‘वांग यांग बू लाओ’, म्हणजे मेंढी हरवल्यावर वाडा दुरुस्त करणे. बैलाच्या जागी मेंढी आली, गोठ्याच्या जागी मेंढवाडा आला, एवढाच फरक. पण अर्थ मात्र आपल्या म्हणीच्या नेमका उलटा. परदेशी वाचक हा वाक्प्रचार ऐकताच ‘उशिरा सुचलेले शहाणपण’ असे त्याचे भाषांतर करून मोकळे होतात. चिनी मुलांना प्राथमिक शाळेत जी गोष्ट शिकवली जाते, तिचा बोध मात्र असा की, एक मेंढी गेली तरी वाडा आजच नीट करा, म्हणजे उद्या दुसरी जाणार नाही. उशीर झाल्याची टिंगल करण्यासाठी चिनी भाषेत वेगळा वाक्प्रचार आहे आणि तो तर आपल्या ‘तहान लागल्यावर विहीर खोदणे’ या म्हणीचे जुळे भावंडच शोभावा. चीनच्या प्राचीन वैद्यकग्रंथात, ‘ह्वांगदी नेइचिंग’मध्ये, रोग जडल्यावर औषध शोधणाऱ्याला तहानेनंतर विहीर खणणाऱ्याची आणि लढाई पेटल्यावर शस्त्रे घडवणाऱ्याची उपमा दिली आहे. म्हणजे उशिराची निंदा त्यांनाही ठाऊक आहे. परंतु निंदा कोठे थांबवावी आणि दुरुस्ती कोठे सुरू करावी, हेही त्यांनी स्वतंत्रपणे सांगून ठेवले.

मेंढवाड्याचा हा वाक्प्रचार कोणा धनगराच्या अनुभवातून आलेला नाही. तो एका पराभूत राजाच्या दरबारात जन्मला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात चीन सात मोठ्या राज्यांत विभागलेला होता. दक्षिणेकडील चू हे त्यांतील विस्ताराने प्रचंड असे राज्य. पश्चिमेकडून छिन नावाचे शिस्तबद्ध, युद्धखोर राज्य वाढत होते. चूच्या ह्वाय राजाला छिनने इ.स.पू. २९९ मध्ये मैत्रीच्या तहासाठी बोलावून घेतले आणि अडकवून ठेवले. परक्या भूमीत कैदेतच तो मरण पावला. प्रत्यक्ष पिता असा फसवला गेलेला पाहूनही त्याचा मुलगा छिंगश्यांग गादीवर बसला तो खुशमस्कऱ्यांच्या घोळक्यात. छिनशी सोयरीक जुळली, मेजवान्या झडू लागल्या. धोक्याची जाणीव देणारा कवी-मंत्री छू युआन याला हद्दपार करण्यात आले.

च्वांग शिन नावाच्या सरदाराने एके दिवशी राजाला स्पष्ट सांगितले की, या चौघा मर्जीतल्या लोकांना बरोबर घेऊन आपण असेच विलासात रमलात तर राजधानी हातची जाईल. राजाने विचारले, तुम्हाला म्हातारचळ लागला आहे की राज्याचे अशुभ चिंतायचे आहे? सावध करणाऱ्याला जगातील सर्व दरबारांत बहुधा हेच दोन प्रश्न विचारले जातात. च्वांग शिनने वाद घातला नाही. चाओ राज्यात जाऊन राहण्याची परवानगी मागितली आणि तो निघून गेला. पाच महिने उलटले. छिनचा सेनापती बाई छी चालून आला. इ.स.पू. २७८ मध्ये चूची राजधानी यिंग पडली. चूच्या पूर्वजांच्या समाध्या जाळल्या गेल्या. राजा पूर्वेकडे पळाला. हद्दपार छू युआनने मीलुओ नदीत देह टाकला, असे परंपरा सांगते. त्याच्या स्मृतीत आजही चीनमध्ये दरवर्षी ड्रॅगन-नौकांचा उत्सव होतो.

कथेचा खरा मर्मबिंदू यानंतर आहे. पळालेल्या राजाने आधी कोणाला बोलावले? नवा सेनापती नाही, ज्योतिषी नाही. त्याने माणसे पाठवून च्वांग शिनला परत आणले आणि आपण तेव्हा तुमचे ऐकले नाही, आता काय करावे, असे विचारले. त्या वेळी च्वांग शिनने सशाचा आणि मेंढ्यांचा दृष्टांत दिला. ससा दिसल्यावर कुत्र्याला हाक मारली तरी चालते, मेंढी गेल्यावर वाडा सावरला तरी फार उशीर झालेला नसतो. त्यानंतर त्याने चतुर, पाखरू, हंस अशी एकेकाची उदाहरणे दिली. प्रत्येक जण आपल्याला शत्रू नाही या समजुतीत मजेत आहे आणि प्रत्येकावर कोणाचा तरी नेम आधीच धरलेला आहे. ऐकता ऐकता राजाला कापरे भरले, असे ‘चान क्वो त्स’ या प्राचीन संग्रहात नमूद आहे. च्वांग शिनला मान आणि जहागीर मिळाली. दोन वर्षांनी चूने पूर्वेकडील सैन्य जमवून नदीकाठची पंधरा नगरे परत जिंकली.

येथे गोष्ट संपवली तर ती सोयीची होईल. पण इतिहास पुढेही आहे. यिंग चूला पुन्हा कधीच मिळाली नाही. राजधानी सरकत गेली आणि इ.स.पू. २२३ मध्ये छिनने चू पूर्णपणे गिळले. म्हणजे उशिरा केलेल्या दुरुस्तीने सुमारे ५५ वर्षांचे आयुष्य दिले, गेलेली मेंढी मात्र आणली नाही. ‘फार उशीर झालेला नाही’ या शब्दांतील ‘फार’ किती तोलून घातलेला आहे, हे यावरून कळते.

चीनने तरी हा धडा सदैव पाळला काय? मुळीच नाही. १८७४ मध्ये जपानने तैवानवर मोहीम काढली, तेव्हा मांचू दरबार दचकला. सागरी संरक्षणाची मोठी चर्चा झाली आणि जर्मनीत बांधलेल्या दोन प्रचंड चिलखती युद्धनौका घेऊन उत्तरेचे आरमार उभे राहिले. भोक कोठे आहे ते बरोबर ओळखले गेले होते. परंतु १८८८ नंतर त्या आरमारात एकाही मोठ्या नौकेची भर पडली नाही. आरमाराचा पैसा राजमाता त्झू शी हिच्या उन्हाळी प्रासादाच्या पुनर्बांधणीकडे वळवला गेला. त्या प्रासादाच्या सरोवरात १८९३ मध्ये एक नौका नव्याने सजवण्यात आली. तिचा तळ दगडाचा, वरचे मजले संगमरवरासारखे रंगवलेले लाकडाचे आणि दोन्ही बाजूंना न फिरणारी चाके. पुढच्याच वर्षी, १८९४ च्या सप्टेंबरात, यालू नदीच्या मुखाशी जपानी आरमाराने चिनी आरमाराचा पराभव केला. १८९५ च्या तहात तैवान गेले आणि वर २० कोटी ताएल चांदीची खंडणी भरावी लागली. ती दगडी नौका आजही बीजिंगमध्ये पर्यटकांना दाखवली जाते. दुरुस्तीचा निधी दुरुस्तीवर खर्च झाला नाही तर त्यातून काय उभे राहते, याचे इतके मूर्तिमंत स्मारक जगात दुसरे क्वचितच असेल.

त्याच चीनशी आपला व्यवहार गेली पंचाहत्तर वर्षे चालू आहे. त्या व्यवहाराकडे मेंढवाड्याच्या कथेतून पाहिले म्हणजे काही गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. १९५० च्या ऑक्टोबरात चिनी सैन्य तिबेटमध्ये शिरले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी सरदार पटेलांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिलेले पत्र सर्वश्रुत आहे. उत्तर सीमेची संरक्षणदृष्ट्या नव्याने पाहणी करावी, तेथील दळणवळण सुधारावे, असे त्यात तपशीलवार सांगितले होते. सरदार १५ डिसेंबरला गेले. डॉ. आंबेडकरांनी १९५४ मध्ये राज्यसभेत तिबेटविषयक धोरणावर कठोर टीका केली. आपल्याकडे च्वांग शिन कमी नव्हते.

या सुरुवातीच्या काळातील एक उदाहरण मात्र नेहमी झाकलेले राहते. १९५१ च्या फेब्रुवारीत मणिपूरचे सुपुत्र मेजर बॉब खाथिंग आसाम रायफल्सची तुकडी घेऊन बर्फाच्छादित सेला खिंड ओलांडून तवांगला पोहोचले आणि तेथे भारताचे प्रशासन प्रत्यक्षात उभे केले. मेंढी जाण्यापूर्वी वाडा बांधल्याचे हे उदाहरण आहे. म्हणूनच १९६२ मध्ये चिनी सैन्य तवांगमध्ये शिरूनही आज तवांग आपले आहे. उलट अक्साई चीनमध्ये चीनचा रस्ता १९५७ मध्ये पूर्ण झाला, आपली गस्ती पथके तेथे १९५८ मध्ये गेली आणि संसदेला ही वार्ता कळायला १९५९ उजाडले. एका ठिकाणी माणूस वेळेवर गेला, दुसऱ्या ठिकाणी निषेधाचा खलिता गेला.

१९६२ च्या पराभवानंतर दुरुस्ती झाली नाही असे म्हणणे जवानांवर अन्याय करणारे ठरेल. सुती गणवेशात, जुन्या रायफली घेऊन लढलेल्या सैन्याची पाच वर्षांत पुनर्रचना झाली. नव्या डोंगरी डिव्हिजन उभ्या राहिल्या. १९६७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात नथु ला आणि चो ला येथे चिनी सैन्याला जे उत्तर मिळाले, ते या दुरुस्तीचेच फळ होते. परंतु वाड्याची एक बाजू सावरताना दुसरी बाजू जाणूनबुजून उघडी ठेवली गेली. सीमेवर रस्ते बांधू नयेत, कारण त्याच रस्त्यांनी शत्रू आत येईल, असा विचार दिल्लीत दीर्घकाळ रुजला. अविकसित सीमा हीच सुरक्षित सीमा असे आपले धोरण अनेक वर्षे होते, ही कबुली खुद्द संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१३ मध्ये संसदेत दिली. धोरण बदलले तरी हात लगेच हलले नाहीत. सीमा रस्ते संघटनेकडे सोपवलेले ६१ मोक्याचे रस्ते २०१२ पर्यंत पूर्ण व्हायचे होते. मार्च २०१६ पर्यंत त्यांपैकी २२ झाले होते, असे महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात नोंदवले. त्यानंतर वेग आला, यात शंका नाही. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाला आणि ९ मार्च २०२४ रोजी, ज्या खिंडीतून खाथिंग चालत गेले होते त्या सेलाखालून, तवांगला बारमाही जोडणारा बोगदा सुरू झाला. मधल्या काळात, १५ जून २०२० रोजी, गलवानमध्ये वीस जवान हुतात्मा झाले होते.

भोक कोठे होते हे शोधण्यासाठी १९६३ मध्ये लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंह भगत यांनी अहवाल तयार केला. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने महाजालावर आणला. सरकारने तो अधिकृतपणे अजूनही प्रसिद्ध केलेला नाही. विरोधी बाकांवर असताना त्याची मागणी करायची आणि सत्तेच्या बाकांवर गेल्यावर संवेदनशीलतेचे कारण द्यायचे, ही परंपरा कोणत्याही एका पक्षाची राहिलेली नाही. राष्ट्रवादी विचारांच्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न आपल्याच माणसांना अधिक आग्रहाने विचारायला हवा. छिंगश्यांग राजाने निदान आपण ऐकले नाही हे मोकळेपणाने मान्य केले होते.

सीमेवरचा वाडा डोळ्यांना दिसतो, नकाशावर रेघ असते. ज्या वाड्याला रेघच नाही त्याचे काय? त्यासाठी हिमालयापर्यंत जाण्याचे कारण नाही, पुण्याजवळचे पिंपरी पुरे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढील वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले. सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा देशातील हा आरंभ. केवळ परदेशी कृतीबरहुकूम औषध काढण्यावर तेथील शास्त्रज्ञ थांबले नाहीत. हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध त्यांनी पिंपरीतच शोधले आणि त्याच्या नावात कंपनीची आद्याक्षरे गुंफली. पिंपरीतील कित्येक कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या त्या कारखान्याच्या भोंग्यावर वाढल्या. कंपनीची वसाहत आजही ‘एच. ए. कॉलनी’ म्हणूनच ओळखली जाते.

पेनिसिलिन-जी हा अनेक प्रतिजैविकांचा मूळ कच्चा माल. त्यापासून पुढे एक मधला पदार्थ आणि त्यापासून अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन. घरातील मुलाच्या घशाला सूज आली की डॉक्टर जी गोळी लिहून देतात, तिचे मूळ तेथे असते. ते तयार होते प्रचंड टाक्यांत. साखरेच्या द्रावणावर बुरशी वाढवायची, निर्जंतुक हवा सतत खेळवायची आणि अनेक दिवस तापमान हलू द्यायचे नाही. साखर आणि वीज जेथे स्वस्त, तेथे पेनिसिलिन स्वस्त. चीनने हे ओळखले. प्रचंड क्षमतेचे कारखाने उभे केले आणि जगाच्या बाजारात इतका उतरता भाव लावला की, नव्वदच्या दशकापासून भारतातील उत्पादक एकेक करून बाजूला झाले. त्यात सरकारी होते, तसे खाजगीही होते. चीनमधून पोती येऊ लागली, आपण त्यांच्या गोळ्या करून जगाला विकू लागलो आणि ‘जगाचे औषधालय’ हे बिरुद मिरवू लागलो. या औषधालयाच्या मागच्या दाराला झोपा नव्हता. २०१६ मध्ये केंद्र सरकारने पिंपरीच्या कंपनीची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला. हिशेबनीसाच्या दृष्टीने तो चुकीचाही नसेल.

कोणी सावध केले नव्हते काय? औषध उद्योगातील जाणकार वर्षानुवर्षे सांगत होते. २०१७ मध्ये डोकलाममध्ये दोन्ही सैन्ये ७३ दिवस समोरासमोर उभी होती, तेव्हाही हा प्रश्न चर्चेत आला आणि सैन्ये मागे सरताच मावळला. २०२० च्या आरंभी वुहानच्या साथीने चीनमधील कारखाने थंडावले. ३ मार्च २०२० रोजी भारताला पॅरासिटामॉलसह २६ औषधे आणि औषधी द्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. तहान लागली होती. त्याच महिन्यात विहीर खणायला घेतली, हे श्रेय मात्र दिले पाहिजे. मूलभूत औषधी द्रव्यांच्या देशी उत्पादनासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. तिच्या आधारे २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकिनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचे उत्पादन देशात पुन्हा सुरू झाले. पिंपरीतील पहिल्या घाण्यानंतर सुमारे सात दशकांनी देशाने पेनिसिलिनचा श्रीगणेशा पुन्हा गिरवला.

आता खरी कसोटी आहे. भाव पाडून स्पर्धकाला संपवण्याचे जे अस्त्र एकदा यशस्वी झाले, ते पुन्हा उगारले जाणार नाही असे मानण्यास आधार नाही. तसे झाले तर आपल्या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या स्वस्त चिनी माल घेतील की थोडा महाग देशी माल? सरकारी रुग्णालयांची खरेदी सर्वात कमी दराच्या निविदेवर होते. तेथे ‘देशी मूळद्रव्य’ या गोष्टीला काही गुण मिळणार आहेत काय? आणि गोळीमागे काही पैसे अधिक मोजण्याची वेळ आली तर ज्या मध्यमवर्गीय घरांत दिवाळीला चिनी दिव्यांच्या माळांवर बहिष्काराची चर्चा होते, त्या घरांतून काय उत्तर येईल? माळ दाराबाहेर लागते, ती दिसते. कॅप्सूलमधील पांढरी पूड कोठून आली, हे वेष्टनावर लिहिलेले नसते. ते लिहिणे सक्तीचे करा, ही मागणी ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांनी लावून धरली तर तिला पैसा लागणार नाही.

किण्वनाने तयार होणाऱ्या अशा द्रव्यांसाठी सरकारी प्रोत्साहनाचे वेळापत्रक ठरलेले आहे. २०२३-२४ पासून चार वर्षे विक्रीच्या वीस टक्के, २०२७-२८ मध्ये पंधरा टक्के आणि २०२८-२९ मध्ये पाच टक्के. त्यापुढचा रकाना कोरा आहे.